बेटावरचं दोन महिन्यांचं लोड आणि भाड्याचा जनरेटर

मागच्या अंकात सोसायटीच्या डीजी सेटबद्दल, म्हणजे डिझेल जनरेटरबद्दल, लिहिताना ओघात एक वाक्य लिहिलं होतं, की पर्यटनाच्या बेटांवर सीझनपुरते जनरेटर भाड्याने आणून वीज भागवतात आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. त्या एका वाक्यावर ठाणे, नवी मुंबईतून बरीच पत्रं आली, काही रागाची, काही खरंच चांगल्या प्रश्नांची, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत अंदमानला गेलो होतो, तीन रात्री हॅवलॉकला राहिलो. रिसॉर्टच्या मागे रात्रभर जनरेटर चालू, मुलीला झोप नाही, सकाळी गॅलरीत डिझेलचा वास. मॅनेजर म्हणाला सीझनमध्ये लाइट पुरत नाही, काय करणार. मला कळत नाही, दरवर्षी पर्यटक येणार हे माहीत असतं तर एकदाच मोठं पॉवर हाऊस बांधून का टाकत नाहीत? दरवर्षी जनरेटर आणायचे, परत न्यायचे, यात पैसा वाया जात नाही का? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, गणपतीला ठाण्याहून कोकणात जादा एसटी सुटतात ना, त्या सगळ्या गाड्या काही वर्षभर ठाण्याच्या खोपट डेपोत उभ्या नसतात, राज्यातल्या दुसऱ्या विभागांतून मागवतात आणि सण झाला की परत जातात. महामंडळाने त्या आठवड्याच्या गर्दीसाठी गाड्या विकत घेऊन ठेवल्या असत्या तर उरलेलं वर्ष त्या डेपोत गंजल्या असत्या. फिरता जनरेटर म्हणजे विजेची जादा गाडी, एवढं धरून चाला आणि मग हिशोब बघा.

समजा एका बेटावर गावकऱ्यांचं लोड, म्हणजे एका वेळची विजेची मागणी, 2 मेगावॉट आहे. सीझनला हजार खोल्या भरल्या, प्रत्येक खोलीत दीड टनाचा एसी, तो चालू असताना साधारण दीड किलोवॉट खातो, सगळे एकदम चालू नसतात असं धरलं तरी नुसत्या एसीचाच एक मेगावॉट झाला. त्यावर गीझर, किचन, कपडे धुण्याची मशीन्स, आणि एक गोष्ट जी कोणी मोजत नाही ती म्हणजे पाणी. बऱ्याच बेटांवर गोडं पाणी कमी असतं, समुद्राचं पाणी आरओने गोडं करायचं तर हजार लिटरला 3 ते 4 युनिट जातात. तर संध्याकाळी लोड 5 मेगावॉटला जातं असं धरू, म्हणजे 3 मेगावॉट जास्तीचे, पण ते कधी, तर साठ दिवस आणि रोजचे सहाएक तास. वर्षाचे 8,760 तास असतात, त्यातले हे फक्त 360. त्या 360 तासांसाठी 3 मेगावॉटचं पक्कं पॉवर हाऊस बांधायचं, त्याला इमारत, टाक्या, माणसं, मेंटेनन्स, कर्जाचे हप्ते, आणि उरलेले 8,400 तास ते बंद. तो खर्च शेवटी गावकऱ्याच्या बिलात येतो नाहीतर सरकारच्या सबसिडीत जातो, म्हणजे तुमच्या माझ्याच खिशातून.

आता दुसरी बाजूही सांगतो कारण जनरेटर स्वस्त आहे असं मी म्हणत नाहीये. त्या 360 तासांत जास्तीचं सरासरी लोड 2 मेगावॉट धरलं तर 7 लाख 20 हजार युनिट होतात. चांगल्या लोडवर चालणारा सेट एका लिटरला साडेतीन युनिटच्या आसपास देतो, म्हणजे दोन लाख लिटरहून थोडं जास्त डिझेल, 90 रुपये लिटर धरलं तर 1 कोटी 85 लाख नुसत्या इंधनाचे, आणि ते बोटीने नेण्याचा खर्च वेगळा. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे साडेपाचशे टन. ही रक्कम डोळ्यांत भरते, पण ती तासांबरोबर वाढते आणि तासांबरोबर कमीही होते, पक्क्या प्लांटचा हप्ता तसा कमी होत नाही. म्हणून मला कोणी विचारलं की जनरेटर की प्लांट, तर मी आधी विचारतो, किती तास? तीनशे-चारशे तास असतील तर भाड्याचा सेट, तीन-चार हजार तास असतील तर भाड्याच्या सेटवर बसून राहणं म्हणजे दरवर्षी पैसे समुद्रात टाकणं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. ग्रीसची बेटं बघा, त्यातली बरीच अजून मुख्य ग्रिडला जोडलेली नाहीत, ऑगस्टमध्ये पर्यटकांनी भरतात आणि लोड हिवाळ्याच्या कितीतरी पट होतं, म्हणून उन्हाळ्याआधी तिथली वीज कंपनी कंटेनरमधले जादा जनरेटर जहाजाने बेटांवर पाठवते. सँटोरिनीला 2013 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन सीझनमध्ये, पॉवर स्टेशनला आग लागली आणि सगळं बेट अंधारात गेलं, तेव्हाही बाहेरून जनरेटर नेऊनच ते उभं केलं. आणि सीझन जागोजागी वेगळा असतो हा यातला खरा फायदा आहे. ग्रीसचा जुलै-ऑगस्ट, अंदमानचा डिसेंबर-जानेवारी, आपल्या कोकण किनाऱ्याचा दिवाळी ते मे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचं काम थांबलं की तेच सेट गणपती-नवरात्रात ठाण्यातल्या मंडपांमागे उभे राहू शकतात, मशीन वर्षभर कमावतं, म्हणून भाडं परवडतं.

पण ताई, तुमच्या मुलीची झोप मोडली ती या पद्धतीमुळे नाही, तिच्या उलट पद्धतीमुळे. प्रत्येक रिसॉर्टने आपापला सेट मागच्या अंगणात लावायचा, वीस रिसॉर्ट वीस सेट, रात्री दोन वाजता प्रत्येकावर वीस टक्के लोड, सगळे डिझेल फुकट पीत बसलेत आणि सगळे पाहुण्यांच्या उशाशी. हेच लोड एका ठिकाणी, पॉवर हाऊसच्या आवारात, वस्तीपासून लांब, चार मोठे सेट एकत्र जोडून दिलं तर रात्री त्यातले दोन बंद करता येतात, डिझेल कमी लागतं, आवाज एका जागी राहतो आणि तो बांधून घेता येतो. त्यासाठी हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन वीज खात्याला सीझनच्या आधी सहा महिने आपापलं लोड खरं सांगायला लागतं. ते कोणी सांगत नाही, बिल वाढेल म्हणून कमी सांगतात, आणि मग अंगणातला सेट. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण शेजारी राहणाऱ्या गावकऱ्याला तो आवाज तीन रात्री नाही, अख्खा सीझन असतो.

प्रश्न : साहेब, मी कळव्याला राहतो, चौदा वर्षं डीजी सेटवर काम करतोय, जास्त करून महापे-तुर्भे पट्ट्यात. आमच्या शेठकडे एका बेटावरच्या कामाची विचारणा आलीय, पाच महिने, 2 मेगावॉट. शेठ म्हणतात एकच मोठा सेट नेऊ, मी म्हणतो 500 केव्हीएचे पाच नेऊ. कोण बरोबर? आणि आम्ही आजवर फॅक्टरीच्या पॅनलला जोडलंय, गावाच्या लाइनवर कधी चढवलं नाही, तिथे काय सांभाळायचं? — एक वाचक, कळवा

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण असा प्रश्न विचारून मग बेटावर जाणारा माणूस विरळा. तुम्ही शेठपेक्षा जास्त बरोबर आहात पण पूर्ण नाही. केव्हीए म्हणजे सेटची नावाची क्षमता, ती 0.8 या पॉवर फॅक्टरने गुणली की प्रत्यक्ष किलोवॉट मिळतात. पाचशे केव्हीए गुणिले 0.8 म्हणजे 400 किलोवॉट, पाच सेट म्हणजे बरोबर 2,000 किलोवॉट, हातात काहीच शिल्लक नाही. एक सेट सर्व्हिसला बंद केला की एखाद्या फीडरला, म्हणजे पॉवर हाऊसमधून निघणाऱ्या एखाद्या लाइनला, अंधार. सहा न्या. आणि नेमप्लेटवर प्राइम रेटिंग, म्हणजे रोज लांब चालवण्याचा आकडा, बघून घ्या, बरेच जण स्टँडबायचा आकडा सांगून सेट देतात, तो आकडा लाइट गेल्यावर थोडा वेळ चालवण्यासाठी असतो, पाच महिने रोज चालवण्यासाठी नाही.

एकच मोठा सेट का नको, तर पहिलं कारण पहाटेचं आहे. संध्याकाळी 2 मेगावॉट असेल पण पहाटे चारला चारशे-पाचशे किलोवॉट राहील, मोठा सेट तेव्हा वीस-पंचवीस टक्क्यांवर रडत चालणार, इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं, इंजेक्टरवर कार्बन धरतो, हे तुम्ही स्वतः पाहिलं असेलच. तीस टक्क्यांच्या खाली तासन्तास चालवायचाच नाही असा नियम करा. सहा सेट असतील तर पहाटे दोन सेट चालवा, संध्याकाळी पाच सेट. दुसरं कारण, मोठा सेट बंद पडला तर सगळं बेट बंद. आणि तिसरं म्हणजे जेट्टी. 500 केव्हीएचा कॅनोपीसकट (आवाज कोंडणाऱ्या पेटीसकट) सेट पाच-सहा टनांचा असतो, मोठा कंटेनरमधला त्याच्या कितीतरी पट. बेटावरच्या जेट्टीला किती वजन झेपतं, तिथे क्रेन आहे का, भरती-ओहोटीला बार्ज (सपाट मालवाहू बोट) कसा लागतो, जेट्टीपासून पॉवर हाऊसपर्यंतच्या रस्त्यावर कुठला पूल, कुठलं वळण आहे हे स्वतः चालत जाऊन बघितल्याशिवाय शेठना होय म्हणू देऊ नका.

आता लाइनवर चढवण्याचं. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेज सीक्वेन्स, फेज अँगल जुळल्याशिवाय ब्रेकर मारून सेट लाइनला जोडायचा नाही हे तुम्हाला माहीतच आहे, आजकाल कंट्रोलर ते करतो. पण फॅक्टरीत आणि बेटावर एक मोठा फरक आहे जो पॅनलवर दिसत नाही. ग्रिडवर शॉर्ट झाला की प्रचंड करंट येतो आणि रिले, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडणारं उपकरण, लगेच ट्रिप होतो. तुमचे सहा सेट तेवढा करंट देऊच शकत नाहीत, म्हणजे ज्या फीडरचे रिले मोठ्या सोर्ससाठी सेट केलेत त्या फीडरवर तार तुटून पडली तरी रिले गप्प बसू शकतो, तार जमिनीवर जिवंत, आणि माणसं चालतायत. म्हणून तिथल्या वीज खात्याच्या इंजिनियरबरोबर बसून प्रत्येक फीडरचं सेटिंग नव्याने तपासून घ्या आणि ते लिखित घ्या. 415 व्होल्टवरून 11 केव्हीला (11,000 व्होल्टला) चढवणारा ट्रान्सफॉर्मर कोण देणार, त्याच्या न्यूट्रलचं अर्थिंग कुठे होणार हेही. कोरड्या रेतीत आणि खडकात अर्थिंगचा रेझिस्टन्स खूप येतो, आपल्याकडच्या चिकणमातीची सवय असलेला माणूस तिथे फसतो.

आणि छोट्या सिस्टिममध्ये एक सेट ट्रिप झाला की उरलेल्यांवर एकदम लोड पडतं, फ्रिक्वेन्सी खाली जाते, दुसरा ट्रिप, तिसरा ट्रिप, अर्ध्या मिनिटात अंधार. म्हणून कमी फ्रिक्वेन्सीला आपोआप सुटणारे, म्हणजे बंद होणारे, फीडर आधीच ठरवून ठेवा, आधी हॉटेलांचा फीडर सुटू दे, दवाखाना आणि पाण्याचा पंप सगळ्यात शेवटी. कोण आधी सुटणार हे गावासमोर सांगून ठरवा, नंतर भांडणं होत नाहीत. (तुम्ही कळव्याचे म्हणून सांगतो, 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट गेली, लोकल थांबल्या, तो बिघाड तुमच्या कळवा-पडघे 400 केव्हीच्या पट्ट्यातलाच होता. मुंबईने ग्रिडपासून तुटून आपल्याच जनरेशनवर बेटासारखं चालावं अशी यंत्रणा होती, इंजिनियर तिला आयलँडिंगच म्हणतात, त्या दिवशी ती टिकली नाही. एवढ्या मोठ्या शहराला जे जमलं नाही ते तुमच्या सहा सेटना रोज करायचंय, म्हणून एवढं बारीक सांगतोय.)

शेवटचं डिझेलचं, आणि हे मी स्वतः भोगलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका जागी 31 डिसेंबरला आमचे तीन सेट होते, रात्री अकराला एक बंद, पावणेबाराला दुसरा. फिल्टर उघडला तर निम्मं पाणी. डिझेल दोनशे लिटरच्या बॅरलमधून आलं होतं, बॅरल अवकाळी पावसात उघड्यावर उभे ठेवलेले. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पाणी साठतं, दिवसा बॅरल तापतो, रात्री गार झाला की आतली हवा आकसते आणि बूच कितीही घट्ट असलं तरी वरचं पाणी आत खेचलं जातं. तेव्हापासून मी बॅरल आडवेच ठेवतो, बुचं तीन आणि नऊच्या काट्यावर, आणि टाकीत टाकण्याआधी डिझेल एक रात्र स्थिर ठेवून तळाचं काढून टाकतो. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं डिझेल केरळातून बॅरलनेच जायचं, तिथल्या ऑपरेटर लोकांना हे पाठ असतं, आपल्या शहरातल्या मुलांना नसतं. फिल्टर नेहमीच्या तिप्पट न्या, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड), बेल्ट, होज, बॅटऱ्या दोन-दोन न्या, खाऱ्या हवेत टर्मिनलला ग्रीस लावा आणि रेडिएटरवरचं मीठ गोड्या पाण्याने दर आठवड्याला धुवा. बोट दोन दिवस आली नाही तर एका साध्या फिल्टरसाठी बेट बंद राहू शकतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीने गणपतीत 125 केव्हीएचा सेट भाड्याने घेतला, व्हेंडर म्हणाला 125 किलोवॉट चालेल, पण शंभरच्या वर गेलं की ट्रिप. फसवलं का? आणि आवाज किती चालतो? — एक सेक्रेटरी, घोडबंदर रोड

उत्तर : सेट बरोबर चालला, सांगणारा चुकला. 125 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरने 100 किलोवॉट. पुढच्या वर्षी कोटेशनवर किलोवॉटमध्ये आकडा लिहून घ्या. आवाजाचं म्हणाल तर कॅनोपीवाल्या सेटला एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे, कॅनोपीची दारं उघडी ठेवून चालवला तर ती राहत नाही, आणि गरम होतो म्हणून दारं उघडी ठेवणारे खूप असतात, तेवढं बघा. सेट नवा असेल तर 1 जुलै 2023 नंतरचे धुराचे कडक नियमही त्याला लागू आहेत, कुठल्या नॉर्मचा आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : सर, मी ऐरोलीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचं वाक्य वाचून राग आला, खरं सांगते. 2020 नंतरच्या जगात बेटावर डिझेल जाळायचं समर्थन कसं करता? बेटावर ऊन आहे, वारा आहे, बॅटरी आहे. — एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : अगं, राग योग्य जागी आहे आणि तू म्हणतेस त्या दिशेलाच सगळं जायला हवं, मीही त्याच बाजूचा आहे. फक्त वाटेत काय लागतं ते बघ. स्पेनचं एल हिएरो नावाचं बेट आहे, तिथे 11.5 मेगावॉटच्या पवनचक्क्या आणि डोंगरावर पाणी चढवून साठवायची सोय आहे, 2014 ला सुरू झालं, आणि 2019 च्या उन्हाळ्यात त्यांनी सलग 24 दिवस डिझेलला हात लावला नाही. ही छोटी गोष्ट नाही. पण डिझेलचा प्लांट त्यांनी पाडलेला नाही, वारा पडला की तो लागतो. ग्रीसच्या तिलोस बेटावर 800 किलोवॉटची एक पवनचक्की, 160 किलोवॉट सोलर आणि बॅटरी असं बसवलंय. आपल्याकडे लक्षद्वीपच्या कवरत्तीला बॅटरीसकट सोलर प्लांट झालाय, 2024 च्या जानेवारीत त्याचं उद्घाटन झालं, अंदमानात पोर्ट ब्लेअरकडे (आता श्री विजयपुरम) 20 मेगावॉट सोलर आणि 8 मेगावॉट-तासाची बॅटरी आहे.

आता तुझ्यासाठी गणित. सोलर दुपारी देतो आणि हॉटेलचं लोड संध्याकाळी सातनंतर चढतं. रोजच्या चार-पाच तासांच्या त्या टोकासाठी बॅटरी उत्तम, जनरेटरपेक्षा कितीतरी चांगली, आवाज नाही, धूर नाही, एक सेट ट्रिप झाला तर सेकंदाच्या आत सावरते. पण सीझन म्हणजे रोजचं टोक नाही, दोन महिने सलग वाढलेलं लोड आहे, आणि दोन महिन्यांची वीज बॅटरीत भरून ठेवता येत नाही, ती रोज कुठून तरी बनवायलाच लागते. सीझनच्या 5 मेगावॉटसाठी सोलर लावलं तर उरलेले दहा महिने दुपारी त्याचं करायचं काय? इथे तुझ्यासारख्या मुलांनी डोकं लावायला हवं. पाणी गोडं करायचा प्लांट दुपारी चालवा आणि टाकीत पाणी भरून ठेवा, बर्फ दुपारी बनवा, गीझरचं पाणी दुपारी तापवा, स्कूटर-बोटींच्या बॅटऱ्या दुपारी चार्ज करा. संध्याकाळच्या लोडमधला जो भाग सरकवता येतो तो सरकवलास तर जनरेटरचे तास 360 वरून दोनशेवर येतील, आणि प्रत्येक कमी झालेल्या तासाचं डिझेल वाचेल. कुठलं एखादं बेट प्रोजेक्टला घे, तासातासाचं लोड मिळव, आणि किती तास खाली येतात ते काढून मला पाठव, या सदरात छापू.

प्रश्न : भाऊ, मी आता उलव्याला असते पण माझं माहेर घारापुरी, मोराबंदर. आमच्या लहानपणी संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटर लागायचा, तेवढ्यात अभ्यास, जेवण, टीव्ही, सगळं. डिझेल आलं नाही की कंदील. समोर मुंबई रात्रभर चमकायची आणि आम्ही अंधारात. 2018 ला केबल आली तेव्हा माझी आई रडली. तुम्ही जनरेटरची बाजू घेतलीत म्हणून लिहिते. केबल हाच उपाय नाही का? आणि आता गावातला जनरेटर काढून टाकायला हवा का? — एक वाचक, उलवे

उत्तर : ताई, तुमचं पत्र शेवटी ठेवलं कारण त्याने मला माझंच वाक्य नीट लिहायला लावलं. जनरेटर सीझनच्या जादा लोडसाठी पाहुणा म्हणून यावा, गावाची रोजची वीज म्हणून नाही, हे मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं. जगप्रसिद्ध लेण्यांच्या पायथ्याशी, मुंबईसमोर, तीन गावं स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं अंधारात नाहीतर तीन तासांच्या विजेवर राहिली, त्याचं समर्थन कोणीच करू शकत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत साडेसात किलोमीटरची समुद्राखालची केबल टाकून महावितरणने शेतबंदर, राजबंदर, मोराबंदरला वीज दिली, खर्च 25 कोटी. घारापुरीला ती योग्यच होती, कारण तिथलं लोड सीझनचं नाहीच, पर्यटक दिवसा येतात आणि शेवटच्या लाँचने परत जातात, रात्रीचं लोड गावाचं, बाराही महिने.

पण सगळीकडे केबल होत नाही. किलोमीटरला तीन कोटींहून जास्त झाले ते उथळ, जवळच्या पाण्यात. लक्षद्वीपची बेटं केरळपासून 200 ते 440 किलोमीटर, मध्ये खोल समुद्र. शिवाय लांब केबल स्वतःच करंट खाते, साधी एसी केबल (म्हणजे घरातल्यासारखी दिशा बदलत वाहणारी वीज) एका अंतरानंतर परवडत नाही, डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) जायला लागतं आणि त्याची स्टेशन्स महाग. ग्रीसचं क्रीट मोठं बेट, लाखांनी वस्ती, तरी त्याला मुख्य भूमीच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीजकडून मुख्य ग्रीसची केबल 2021 ला मिळाली.

आणि केबल असली तरी ती तुटू शकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर हॅटरस आणि ओक्राकोक ही पर्यटनाची बेटं आहेत, 2017 च्या जुलैअखेर पुलाच्या कामात जमिनीखालची केबल तुटली, ऐन सीझन, सुमारे पन्नास हजार पर्यटकांना परत पाठवायला लागलं आणि आठवडाभर आणलेल्या जनरेटरवर तिथल्या रहिवाशांचं भागवलं. तिथे पाहुणे गेले आणि गावाला वीज मिळाली, हा क्रम मला बरोबर वाटतो.

म्हणून गावातला जनरेटर काढू नका. तुमची केबल मुंबईच्या बंदराच्या पाण्यात आहे, वर जहाजांची ये-जा, नांगर ओढला गेला तर केबल दुखावते, आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना दुरुस्तीला आठवडे लागू शकतात. सरपंचांशी बोला, तीन गोष्टी बघून घ्या. दवाखाना, पाण्याचा पंप आणि शाळा यांना चेंजओव्हर स्विच बसवलाय का, म्हणजे जनरेटरची वीज चुकून केबलच्या बाजूला जाऊन दुरुस्ती करणारा वायरमन मरणार नाही. बाहेरून मोठा सेट आणायची वेळ आली तर तो जोडायचा पॉइंट आणि केबल तयार आहे का. आणि असलेला सेट महिन्यातून एकदा अर्धा तास, रिकामा नाही, पंपाचं लोड देऊन चालवतात का. रिकामा चालवलेला सेट चालू झाल्यासारखा दिसतो, आणि ज्या रात्री खरं लोड पडतं त्या रात्री बंद पडतो. तुमच्या भावाला किंवा गावातल्या एखाद्या पोराला शिकायचं असेल तर मला कळवा, एक रविवार मी स्वतः येतो.